मोरीस सप्रेम

वारजे, पुणे
४ नोव्हेंबर २०२४

आनंद भावोजी,

वर आशीर्वाद लिहावा की नमस्कार, यावर बराच वेळ गेला. वयाने मी मोठी म्हणून आशीर्वाद, रागावलेले तुम्ही म्हणून नमस्कार. दोन्ही घ्या आणि पुढचं वाचा.

मोबाइलवर निरोप पाठवले होते. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. पत्राचं तसं नसतं. तुम्ही वाचलंत की न वाचता ठेवून दिलंत हे मला कळणार नाही, म्हणून पत्रच लिहिते आहे.

तुमच्या दादाला जिभेचा कॅन्सर झाला आहे. उन्हाळ्यात जिभेवर फोड आला, तो तिखटाने आला असं आम्ही समजत राहिलो. ऑगस्टमध्ये जीभ काढली, काढता येते तेवढी. मग किरणं दिली. आता ते बोलत नाहीत. पोटाला नळी लावली आहे, तिच्यातून पेज जाते आणि डब्यातली पावडर जाते. सांगायचं असेल ते पाटीवर लिहितात. पाटी माझ्या शाळेतली. निवृत्त होताना आठवण म्हणून उचलून आणली होती, ती अशी उपयोगी पडली.

सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये विचारतात, "तंबाखू होती का हो?" ज्या माणसाने जन्मात पान खाल्लं नाही, लग्नात अत्तर लावून घेतलं नाही, त्याच्याबद्दल हे ऐकायचं. मामंजींचा नियम होता ना, आपण नाक विकून खातो, नाकाला काही लावायचं नाही. शनिवार पेठेतल्या त्या दुकानात चहाची मिश्रणं करता करता यांनी तो नियम देवाच्या नियमासारखा पाळला. दुकान बंद करून आम्ही इकडे राहायला आलो. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी गिऱ्हाइकांचे फोन येतात, तसा चहा कुठे मिळत नाही म्हणून. मी सांगते, आम्हालाही मिळत नाही.

परवा यांनी पाटीवर लिहिलं, पेटी काढ. माळ्यावरची, पत्र्याच्या कडांची चहाची पेटी. तिच्यात जुनी वर्तमानपत्रं आणि त्यांत गुंडाळलेल्या, तुम्ही पाठवलेल्या दारूच्या चार बाटल्या. मला वाटत होतं, त्या कधीच कुणाला देऊन टाकल्या. तुम्ही असता तिकडून येणाऱ्या कुणा ना कुणाबरोबर बाटली यायची, गळ्यात तुमच्या अक्षरातली चिठ्ठी असायची, 'मोरीस सप्रेम'. हे चिठ्ठी वाचायचे, "अक्षर सुधारलं याचं" एवढं म्हणायचे आणि बाटली घेऊन आत जायचे. आत म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. या घरात आणि त्या घरात न विचारण्यावरच सगळं चाललं.

ती दिवाळी मी विसरलेले नाही. तुम्ही दारूच्या कंपनीत नोकरी लागल्यावर पहिल्यांदा आला होतात, दुकानात गल्ल्यावर बाटली ठेवलीत आणि म्हणालात, "बाबा, तिकडे मीपण मिश्रणंच करतो. ही माझी पहिली. पिऊ नका, नुसता वास घ्या." मामंजींनी हात पुढे केलाही होता. यांनी बाटली उचलली, मागे गेले आणि मोरीत ओतली. मग विसळून, पुसून, तुमच्या हातात परत दिली. ओतली ते एक वेळ मी समजू शकते. विसळली, ते मला तेव्हाही फार वाटलं.

तुम्ही त्याच संध्याकाळी गेलात ते गेलातच. मामंजी गेल्याचं यांनी तुम्हाला अकराव्या दिवशी कळवलं, तेही मला माहीत आहे. तुमची बाजू मी जाणून आहे. तरी लिहिते आहे.

चारही बाटल्या टेबलावर मांडल्या आणि यांनी पाटीवर लिहिलं, "यातली आनंदाने स्वतः मिसळलेली कुठली, ते ओळखायचं." मी म्हटलं, मग काय करायचं? लिहिलं, "मग त्याला बोलवायचं. आवडली, असं त्याच्या तोंडावर सांगायचं." आता ज्याला तोंडच राहिलं नाही तो तोंडावर काय सांगणार, असं माझ्या मनात आलं. माझं मन असंच आहे, तुम्हाला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी 'बघू' म्हणायचं सोडलं आहे. मानेत परत गाठ आली आहे. त्यांना आवडेल ते करू द्या, म्हणतात.

तुमची कुठली, ते मला कळवू नका. त्यांना ओळखू द्या. तुम्ही फक्त या.

मंदाकिनी


वारजे
२१ नोव्हेंबर २०२४

आनंद भावोजी,

उत्तराची वाट न बघता दुसरं लिहिते आहे.

आमच्याकडे सध्या दुकान चालू आहे. दुकानात नवा माल आला की मामंजी करायचे तशी सगळी मांडामांड. पांढरे कप ओळीने, वर बशा झाकलेल्या. बाटली उघडायची त्या दिवशी फोडणीत हिंग नाही, अंगाला वासाचा साबण नाही, देवापुढे उदबत्ती नाही. यांच्या दारूसाठी देवाला सुका नैवेद्य दाखवला मी. देव काही बोलला नाही. तोही पुण्यातलाच.

हे वास घेतात, पण चव कशी घेणार? पाटीवर लिहिलं, "तू." मी म्हटलं, अहो, मी मास्तरीण होते, माझी पेन्शन चालू आहे. लिहिलं, "थुंकून टाक, चहासारखी." ते मला जमेना. कितीही झालं तरी घरात बसून पचकन थुंकायचं म्हणजे कसं तरीच वाटतं. गिळली.

बाटल्यांची नावं मी वाचली, पण मैनासमोर घ्यायला नकोत म्हणून मी आपली नावं ठेवली आहेत. हिरवी, काळी, उंच मानेची आणि बुटकी. मैना म्हणजे यांचं करायला दिवसभर येते ती. एवढी खबरदारी घेऊनही तिला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणाली, "आजी, असू द्या. आमच्यातबी औषीदच म्हणत्यात."

चारींवर 'ब्लेंडेड' लिहिलं आहे. मिश्रण म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. नावं चार आहेत, पण त्यामुळे कंपन्या चार असतील असं नाही, असं यांचं म्हणणं. आपणही एकाच पेटीतला चहा तीन नावांनी विकत होतोच.

तुम्ही रागवाल अशी एक गोष्ट सांगून टाकते. बाटल्या इतकी वर्षं पेटीत आडव्या होत्या. चहाचा डबा आडवा ठेवला काय, उभा ठेवला काय, काही बिघडत नाही. दारूची बाटली उभी ठेवतात हे या घरात कुणाला माहीत असणार? उंच मानेचीचं बूच हातात भुगा होऊन आलं, निम्मं आत पडलं. मी चहाच्या गाळणीने गाळली. ते बघून हे हसले. हल्ली हसतात तेव्हा नुसता श्वास वाजतो. तिची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली, म्हणून ती बाद.

मग हिरवी. पहिला घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. पाटीवर, "काय लागलं?" मी म्हटलं, आग. पाटीवर, "आगीच्या मागे?" पुन्हा घेतली. आगीच्या मागे सफरचंद होतं, कापून ठेवलेलं, आणि त्याच्या मागे गव्हाचा चीक. कुरडया घालताना गच्चीवर येतो तो गोडसर वास. मी बोलत गेले आणि हे डोळे मिटून, कप नाकाशी धरून ऐकत राहिले. मग लिहिलं, "हलकी. चांगली आहे. आनंदाची नाही."

कशावरून, मी विचारलं. लिहिलं, "आनंदा कुणाला खूश करायला मिसळणार नाही."

नंतर पाटी भरभरून लिहीत होते. मामंजी दुसऱ्याच्या चहाचा वास एकदाच घ्यायचे आणि स्वतः केलेल्या मिश्रणाचा दोनदा. एकदा चहासाठी आणि एकदा, आपली चूक कुठे राहिली ते शोधायला. हेही तसंच करायचे, मी बघितलं आहे. तुम्हीही करत असाल. घरची खोड जात नाही, घर सुटलं तरी.

गेल्या कित्येक आठवड्यांत इतका चांगला दिवस आला नव्हता. मला थोडी चढलीही असावी. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि मऊ भाताची खीर झाली.

मंदाकिनी


वारजे
९ डिसेंबर २०२४

आनंद भावोजी,

तुमचा निरोप मिळाला. "वहिनी, वाचलं." दोन शब्द. दादाचे भाऊ शोभता.

आज लिहायचं नव्हतं, पण हे दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

काल काळीची पाळी होती. सकाळी यांनी दाढी करून घेतली, धुतलेला सदरा मागितला. मी गॅसवर दूध ठेवलं आणि इस्त्रीवाल्याची बेल वाजली म्हणून दाराशी गेले. त्याच्याशी एका हरवलेल्या उशीच्या अभ्र्यावरून वाद झाला, तो लांबला. परत येते तर दूध उतू जाऊन, आटून, भांडं काळं पडलेलं. घरभर करपल्याचा वास. दारात उभ्या इस्त्रीवाल्यालाही आला तो. आणि हे गॅसपासून हातभर अंतरावर, खुर्चीत, डोळे मिटून, काळीचा कप नाकाशी धरून बसलेले. धूर डोळ्यांना लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

भावोजी, हा माणूस दुकानाच्या पायरीवर उभा राहून सांगायचा की वरच्या मजल्यावर कुणाची तरी खिचडी खाली लागली आहे.

मी गॅस बंद केला. खिडक्या उघडल्या. त्यांनी पाटीवर लिहिलं, "दूध?" मी म्हटलं, थोडं लागलं. मग मी समोर बसले आणि काळीचा घोट घेतला. म्हटलं, गुळाचा पाक थोडा जास्त झालेला, त्यात मनुका. त्यांनी वास घेतल्यासारखं केलं, मान हलवली, आणि लिहिलं, "मनुका आहे. बरोबर."

मनुका मीच सांगितली होती.

वास त्यांना येतच नाही. किरणांनंतर गेला असेल, किंवा त्याच्याही आधी. ते माझं तोंड बघत असतात. घोट घेतल्यावर माझ्या कपाळाला आठ्या पडतात का, मी दुसरा घोट मागते का, बोलताना कुठे थांबते. त्यावरून मिश्रण ओळखायचं चाललं आहे. चाळीस वर्षं माझ्या तोंडाकडे कधी एवढं बघितलं नव्हतं.

मी मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. इथल्या फ्लॅटला ड्राय बाल्कनी म्हणतात, मी मोरीच म्हणते. भांडं घासायला घेतलं होतं, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

सांगून टाकावं असं मनात आलं होतं. अहो, हे सोंग कशाला, मी आनंद भावोजींना सरळ विचारते आणि संपवते. पण मग ते सकाळी दाढी कशाला करतील? नाक गेलं हे त्यांनी मला सांगितलं नाही, त्याअर्थी ते त्यांना कुणाला सांगायचं नाही. जीभ गेली ती सगळ्यांना दिसली. नाक त्यांच्याजवळ आहे असं अजून लोकांना वाटतं, एवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी उरली आहे. ती मी कशी घेऊ?

तुम्ही मात्र जाणून असा. येणार असाल तर हे जाणून या.

मंदाकिनी


वारजे
२८ डिसेंबर २०२४

आनंद भावोजी,

तिकीट काढल्याचं कळलं. मैनाने पलंगाची चादर बदलली, मी तुमच्या खोलीतलं शिवणयंत्र हलवलं. यांना सांगितलं तर पाटीवर लिहिलं, "कशाला येतोय, थंडीत?" आणि दिवसभर खुशीत होते.

बुटकी उघडली. मला हे सांगायला लाज वाटते, पण ती मला आवडली. जिभेवर ठेवली तर आधी काहीच नाही. म्हटलं, हीपण बिघडलेली दिसते. मग गिळल्यावर हळूच ऊब आली, मधासारखं काही तरी, आणि अगदी शेवटी लवंग. नारळीभात खाताना दाताखाली येते तशी, ध्यानीमनी नसताना. मी कप खाली ठेवलाच नाही. यांनी ते बघितलं. मी बोलायच्या आत पाटीवर लिहिलं होतं, "हीच."

मी म्हटलं, अहो, अजून वास तरी घ्या. त्यांनी घेतला. दोनदा घेतला. मग लिहिलं, "आधी गप्प राहते, मग बोलते. बाबांच्या मिश्रणासारखी. आनंदाचीच."

आता ठरलं आहे. ती बुटकी पुसून, उभी करून, टेबलावर ठेवली आहे. बाकीच्या मैनाच्या दृष्टीआड ठेवल्या, औषध म्हणून जाऊ नयेत.

भावोजी, माझी एक विनंती आहे. तुमची कुठली, मला खरोखर माहीत नाही. काळी असेल, हिरवी असेल, आम्ही आडवी ठेवून नासवली ती असेल. हे जी पुढे करतील ती तुमची. 'हो दादा' म्हणा. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला ठाऊक आहे, त्यापायीच तर सगळं झालं. 'मला चहा आवडत नाही' असं मामंजींना तोंडावर सांगणारे तुम्ही एकटे. पण एवढं एक खोटं माझ्यासाठी बोला.

वजन फार उतरलं आहे. दुखण्यासाठी आता छातीवर पट्टी लावतात, तिने गुंगी येते. सकाळी अकरा ते एक एवढेच हे खरे जागे असतात. लवकर या. शाळेत मी महत्त्वाच्या शब्दाखाली लाल रेघ मारायचे. इथे लाल पेन सापडत नाही, आहे असं समजा.

मंदाकिनी


वारजे
२० जानेवारी २०२५

आनंद भावोजी,

सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला.

तुम्ही निघालात त्यानंतर घरात काय झालं, ते लिहायला हवं. फोनवर मला ते बोलता येणार नाही.

तुम्ही आलात त्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, म्हणून सगळं बघितलं. यांनी बुटकीचा कप तुमच्याकडे सरकवला, पाटी उलटी करून ठेवली होती ती सुलटी केली. "ही तुझी. आवडली." तुम्ही कप उचललात, वास घेतलात, खाली ठेवलात आणि म्हणालात, "हो दादा. माझीच आहे." यांनी तुमच्या डोक्यावर हात ठेवला. तुमचे केस एवढे पांढरे झाले आहेत, हे मला तो हात तिथे ठेवल्यावर दिसलं. मला वाटलं, झालं. जे व्हायचं होतं ते झालं, आता काही होवो.

तुम्ही राहिलात ते दिवस चांगले गेले. दोघं दिवसभर गप्प बसायचात आणि मला मात्र घरात माणसं बोलताहेत असं वाटायचं.

मग जाताना लिफ्टमध्ये तुम्ही मला ते सांगितलंत. "वहिनी, त्या चारांत माझी एकही नव्हती. सगळ्या दुकानातनं घेतलेल्या. दादाला टोचावं म्हणून पाठवायचो. माझी म्हणून एकच होती, ती दिवाळीतली. नमुन्यापुरती केली होती, कंपनीने पुढे काढलीच नाही. तीच मोरीत गेली." टॅक्सी खाली उभी होती. मी तुम्हाला 'जपून जा' म्हटलं, एवढंच आठवतं.

वर आले. हे जागे होते. पाटीवर लिहून तयार ठेवलं होतं.

"त्याची नव्हती."

मी म्हटलं, कशावरून म्हणता?

"एकदाच वास घेतला."

मी त्यांच्याशी ऑगस्टपासून खोटं बोलते आहे. गाठ बारीक झाली म्हणून सांगितलं, वजन वाढलं म्हणून सांगितलं, नळी काही दिवसांपुरती आहे म्हणून सांगितलं. तेव्हा आणखी एक खोटं मला जड नव्हतं. तोंडाशी आलंही होतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि दोन महिने त्यांनी तोच अभ्यास केला आहे. मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, नव्हती.

"मग त्याची कुठली?"

म्हटलं, मोरीत गेली ती. तेवढी एकच होती.

त्यांनी पाटी पुसली. डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गुंगी आली. मैना दूध घेऊन आली, तिला हाताने थांबवलं. मग लिहिलं, अक्षर वाकडंतिकडं, पण वाचता येत होतं. "मी विसळलीसुद्धा."

मला वाटायचं, त्यांना ते आठवतच नसेल.

मी त्यांचा हात धरला. आमच्यात तशी पद्धत नाही, पण धरला. थोड्या वेळाने हात सोडवून घेतला आणि लिहिलं, "आनंदा खोटं बोलला. माझ्यासाठी बोलला." याचा त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. त्यांच्याइतका माझा अभ्यास नाही.

संध्याकाळी परत पाटी मागितली. "ती पुन्हा मिसळता येईल का, विचार त्याला. वास घ्यायचा आहे."

भावोजी, त्यांना वास येत नाही हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि हल्ली मला वाटतं, आपल्या दोघांना माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. तरी त्यांनी विचारायला सांगितलं आहे. म्हणून विचारते.

मंदाकिनी


वारजे
६ एप्रिल २०२५

आनंद भावोजी,

हे गेल्याचं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. त्याच दिवशी सांगितलं, एवढं मात्र लक्षात ठेवा. पुन्हा येऊ नका म्हटलं ते रागाने नव्हे. तुम्ही यायला हवं होतं तेव्हा आला होतात.

शेवटचे दिवस वाईट गेले. ते लिहीत नाही. पाटी उशाशी होती, पण खडू धरवत नव्हता. एकदा मैनाने विचारलं, "आजोबा, काय पायजे?" तर त्यांनी नाकाला बोट लावलं. तिला वाटलं, नाकात काही गेलं. मी तिला काही सांगितलं नाही. शेवटपर्यंत ते तुमच्या बाटलीची वाट बघत होते. मी रोज सांगायचे, येते आहे, वाटेत आहे. खोटं नव्हतं, नाही का?

तुमच्या ऑफिसातली नम्रता काल येऊन बाटली देऊन गेली. मुलगी चांगली आहे, पाणी प्यायली, चहा नको म्हणाली. या घरात चहा नको म्हणणारी पहिली. बाटली केवढीशी, औषधाची असते तशी, वर नाव नाही. गळ्यात चिठ्ठी आहे. "वहिनी, आठवली तेवढी मिसळली. उशीर झाला." अक्षर खरंच सुधारलं आहे. मोरीचं नाव त्यात नाही, ते मी दोनदा बघितलं.

आज सकाळी उघडली. हिंग नाही, उदबत्ती नाही, साबण साधा. पांढरे कप दोन काढले. दाढी करून तयार बसणारं कुणी नव्हतं. आता मला घर खायला उठतं. इतकी वर्षं मी म्हणायचे, यांच्या घरात असण्या-नसण्याने काय फरक पडतो, बोलत तर नाहीत. फार फरक पडतो, भावोजी.

तर तुमचं मिश्रण. आधी कडक लागतं, नको इतकं. तुमच्यासारखंच आहे. मग सुंठ, मग कोऱ्या लाकडाचा वास. नवी पेटी दुकानात फोडली की फळ्यांचा येतो तो. आणि त्याच्या मागे, खरं सांगते, चहा. तुम्ही घातला नसणार, दारूत कोण चहा घालतो, पण मला चहा लागला, मामंजींचा. त्या दिवाळीत त्यांनी हा वास घेतला असता तर काय म्हणाले असते, ते मला ठाऊक आहे. "कडक झालंय, थोडं हलकं कर." आणि डबा स्वतःजवळ ठेवून घेतला असता.

तुम्ही विचाराल, आवडली का. मला बुटकीच आवडली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून आता मी खोटं बोलणार नाही, आपल्या घरात या वर्षी पुष्कळ बोलून झालं. पण तुमच्या बाटलीचा वास मी दोनदा घेतला. चूक कुठे सापडली नाही.

यांचा कप होता त्याचं काय करायचं ते मला कळेना. मी काही तो पिणार नव्हते. आपल्याकडे गेलेल्या माणसाला पोचवायचं ते पाण्यात सोडतात. नदी इथून फार लांब नाही, पण काही सोडावं असं तिचं पाणी आता राहिलेलं नाही. मग मी मोरीत गेले आणि तिथेच ओतला. सावकाश ओतला. तुमच्या या मिश्रणाला तो रस्ता माहीत आहे.

कप मात्र विसळला नाही.

मंदाकिनी